भैरवी न झालेली बैठक

ज्यांचा विश्वास बसणार नाही, त्यांनी खुशाल ठेवू नये. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. शैलजा माझी सख्खी मामेबहीण. तिनं हे मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

जळगाव जामोद. एकोणीसशे चौसष्ट साल. चैत्रातला रविवार, दुपारचे चार.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. लख्ख ऊन होतं, आणि उत्तरेला सातपुड्याचे डोंगर स्वच्छ दिसत होते.

पण आधी थोडं मागं जावं लागेल.

शैलजाचा नवरा वैजनाथ तिथल्या शाळेत गणित शिकवायचा आणि घरी व्हायोलिन वाजवायचा. शिक्षण अर्धवट. अमरावतीला कॉलेजात असताना एका म्हाताऱ्या वादकाकडून दोन वर्षांत जे पदरात पडलं, तेवढंच. पण नाद जबर. दर रविवारी दुपारी त्याच्या पुढच्या खोलीत हौशी मंडळींची बैठक जमायची. पोस्टमास्तर भगवंतराव पेटी वाजवायचे. तबल्याला गुलाबराव. त्यांचा गावाबाहेर वांग्या-मिरच्यांचा मळा होता, आणि तबल्याच्या पिशवीतूनच ते शैलजासाठी वांगी घेऊन यायचे.

भगवंतरावांचा भीमपलास ठरलेला. जन्मात दुसरा राग त्यांनी वाजवला नाही.

"मास्तर, तुमचा भीमपलास म्हंजे मनीऑर्डर हाय," गुलाबराव म्हणायचे. "निघाला त निघाला, पोचाचं नावच घेत नाई."

"आणि तुझा तबला म्हणजे तार," भगवंतराव म्हणायचे. "माणसाच्या काळजात धस्स होतं."

शैलजा आतल्या दाराशी बसून हसायची.

प्रत्येकाचा राग आपापला. दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. आणि शेवटी वैजनाथची भैरवी. भैरवी झाली की बैठक संपली. मग कोणी एक सूरही छेडायचा नाही. चहा घ्यायचा आणि उठायचं. रीत सगळीकडचीच आहे, पण वैजनाथ ती सोवळ्यासारखी पाळायचा. भैरवीशिवाय उठणं म्हणजे गणित सोडवून उत्तर न लिहिणं, असं म्हणायचा.

त्रेसष्टच्या भाद्रपदात घरात ताप शिरला.

चार दिवसांत वैजनाथ गेला. आठ महिन्यांची बकुळा त्याच तापातून वाचली.

वाचली, असं सगळे म्हणाले.

शैलजाला मात्र काहीतरी खटकत होतं. आई झालेल्या बाईला हे कळेल. मुलाला काय होतंय ते डॉक्टरच्या आधी आपल्या पोटात कळतं. एके दिवशी स्वयंपाकघरात पितळेची परात फळीवरून पडली. सासूबाई दचकल्या. बाहेरचं कुत्रं भुंकलं.

बकुळा चमच्याशी खेळत राहिली.

शैलजानं परात उचलली... आणि मुद्दाम पुन्हा टाकली.

मग पुन्हा.

अकोल्याच्या डॉक्टरांनी घंटा वाजवून पाहिली, टाळ्या वाजवून पाहिल्या. म्हणाले, "तापानं कानाच्या शिरा गेल्या. औषध नाही, बाई."

बैठक बंदच पडली असती. पण सासूबाईंनी, सोजराबाईंनी, भगवंतरावांना निरोप धाडला. "माह्या लेकाची खोली मुकी नका ठेवू."

कार्तिकात मंडळी पुन्हा जमली. भीमपलास झाला. मग शेवट आला, आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भैरवी कोण घेणार?

"ती त्याची होती," भगवंतराव म्हणाले. "वर्षभर तरी कोणी घ्यायची नाही."

मग वैजनाथच्या जागेवर त्याचं व्हायोलिन ठेवलं. त्याची भैरवी चालायची तेवढा वेळ गुलाबरावांनी नुसता ठेका दिला. खाली तबला. वर सूर नाही. दहा मिनिटांनी गुलाबरावांनी हात उचलला, डोळे पुसले, आणि मंडळी चहा न घेताच उठली.

प्रेमानं केलं हो त्यांनी. वाईट मनात कोणाच्याच नव्हतं.

त्याच दिवशी शैलजाला ते पहिल्यांदा दिसलं.

बकुळा तिच्या मांडीवर पेंगत होती. भीमपलासात हलली नव्हती. हलणार कशी? पण तो मोकळा ठेका सुरू झाला... आणि पोरीनं मान वळवली.

तबल्याकडे नाही.

व्हायोलिनकडे.

तिचे डोळे मोठे झाले. श्वास थांबल्यासारखी ती बसून राहिली. मग तिचा हात मांडीवर पडायला लागला. हळूच. बरोबर समेवर.

योगायोग, शैलजानं स्वतःला समजावलं. तबल्याची थरथर जमिनीतून लागत असेल. पुढच्या रविवारी तिनं बकुळाला खाली ठेवलंच नाही, छातीशी उभं धरलं. तरी मान वळली. तरी हात पडला.

सोमवारी तिनं व्हायोलिनची पेटी उघडली. वाजवून झालं की गजाचा स्क्रू फिरवून केस ढिले करून ठेवायचे, ही वैजनाथची सवय. तो गेल्यावर तिनंच ते ढिले केले होते.

गज ताणलेला होता...

तिनं ढिला केला. पुढच्या सोमवारी पुन्हा ताणलेला.

कोणाला सांगणार? आणि खरं सांगायचं तर, सांगावंसंही वाटेना. लेकरू आठवडाभर बाहुलीसारखं मुकं बसायचं. हाक मारा, रडा, गा, काही नाही. आईचा आवाज काय असतो तेही ते विसरलं असेल. पण रविवारी दहा मिनिटं ते हसायचं. बाप वाजवतोय आणि लेक ऐकतेय... कोणती आई हे मोडील?

पौषात गुलाबराव तिला एकटीला गाठून म्हणाले, "वहिनी, हसू नका. ठेका मी देतो, पण लय माह्या हातात राहत नाई. पयले आस्ते चालते, मंग कोणीतरी वढत नेते. वैजनाथभाऊ न्यायचे, तशीच."

शैलजा हसली नाही.

माघात बकुळाचं जेवण तुटलं. घास तोंडात घातला की तिथंच राहायचा. मान कशाकडे तरी वळलेली. आता नुसता रविवार नव्हता. सोमवारीही. बुधवारीही. भरल्या दुपारी, खोलीत कोणी नसताना, तबला नसताना, तिचा हात मांडीवर पडत राहायचा. शैलजा रोज तिची मनगटं आपल्या बोटांत धरून बघायची. बोटं एकमेकांवर जास्त जास्त चढायला लागली होती.

आणि मग फाल्गुनातली ती दुपार.

शैलजा दोरीवर धुणं वाळत घालत होती. वळून बघते तो अंगणात बकुळा नाही. फाटक उघडं.

ती धावत रस्त्यावर आली, तो समोरून गुलाबराव येत होते. कडेवर बकुळा. तिचा परकर गुडघ्यापर्यंत ओला.

"ओढ्यात होती," गुलाबराव म्हणाले. "आपण भाऊले जिथं नेलं ना... तिथंच. पाण्यात उतरून राह्यली होती. अन् हसत होती."

"ती चार पावलं चालली की पडते, गुलाबराव! एवढ्या लांब गेली कशी?"

"म्या पाह्यलं ना. मळ्यातून दिसली. पडली नाई, वहिनी. एक एक पाऊल..." त्यांनी बोटांनी हवेत ताल धरला. "ठेक्यात पडत होतं."

शैलजानं पोरीला हिसकावून घेतलं. बकुळा तिच्या खांद्यावरून ओढ्याकडेच बघत होती.

गुलाबराव ओसरीवर बसले. पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून म्हणाले, "आमची चुकी झाली. इतके रविवार बसलो, पण एक डाव भैरवी झाली नाई. बैठक उघडीच राह्यली. भाऊ नियमाचा माणूस. भैरवीबिगर उठंन कसा? तो बसूनच राह्यला जी. अन् आता त्याले जागा पुरत नाई."

"मग म्हणा कोणीतरी भैरवी!" शैलजा म्हणाली.

दारात सोजराबाई उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही.

"कोणी म्हणाची नाई," त्या म्हणाल्या. "काऊन म्हणाची? माहा लेक घरी येते. मले दिसत नाई, आयकू येत नाई, पण येते ना! अन् तू त्याले हाकलून राह्यली?"

"आत्याबाई, पोरगी बघा जरा."

"पोरीचाच बाप हाय तो! बाप का लेकराचं वाईट करंन?"

शैलजाला हेच उत्तर सगळ्यात अवघड होतं. बाप वाईट करणार नव्हता. त्याला कळतच नसेल. लेक ऐकतेय, म्हणून तो वाजवत असेल. लेक जवळ येतेय, म्हणून आणखी वाजवत असेल.

"ते तुमचे, आत्याबाई," ती म्हणाली. "ही माझी आहे."

चैत्रातला तो रविवार उजाडला.

भीमपलास झाला. शैलजानं आधीच सांगून ठेवलं होतं, तसे भगवंतरावांनी पेटीवर भैरवीचे सूर धरले... आणि हात उचलला. "मला जमणार नाही, बाई. त्याच्यासमोर कशी वाजवू?"

त्याच्यासमोर, असंच म्हणाले ते.

मग शैलजा आतल्या दारातून उठली. पांढऱ्या कपाळाची बाई, परपुरुषांच्या बैठकीत कधी बसली नव्हती, गाणं तर दूरच. ती व्हायोलिनसमोर बसली. बकुळाला सोजराबाईंनी धरलं होतं. वैजनाथ रोज संध्याकाळी घोटायचा ती भैरवी, पाळणा हलवता हलवता शैलजाच्या गळ्यात बसली होती. शब्द नव्हते. नुसता आकार.

तिनं षड्ज लावला. आवाज चिरका निघाला.

गुलाबरावांनी ठेका धरला.

दोन आवर्तनं झाली. तिसऱ्याला तिच्या लक्षात आलं... लय तिच्या हातात नाही. कोणीतरी तिला सांभाळून नेतंय. ती चुकली की थांबतंय. श्वास घेतला की जागा भरतंय. तिला काहीच ऐकू येत नव्हतं. पण साथ कळत होती, आंधळ्याला ऊन कळतं तशी.

तिनं बकुळाकडे पाहिलं.

पोरीचा हात तिच्या गाण्यावर पडत होता. नजर व्हायोलिनवरून आईच्या तोंडावर. तिथून परत व्हायोलिनवर. आणि चेहऱ्यावर असं हसू, की शैलजाला वाटलं, आता मरण आलं तरी चालेल.

तिघं एकत्र होती. त्या तापानंतर पहिल्यांदाच.

आणि तिला कळलं, आपण थांबलो की हे संपलं.

ती थांबली नाही.

आणखी एक आवर्तन. मग आणखी एक. भगवंतराव मान खाली घालून रडत होते. गुलाबरावांच्या कपाळावरून घाम ठिबकत होता. दहा मिनिटं कधीच उलटून गेली होती. शैलजाचा घसा फाटला, तरी ती पुन्हा वर जायची, पुन्हा उतरायची, पण शेवटाकडे वळायची नाही. फक्त एवढं एक. अजून एकच...

"शैला."

सोजराबाईंचा आवाज.

"शैला, आटप आता. पोरगी गार पडून राह्यली."

बकुळाचे ओठ निळे झाले होते. हात अजून पडत होता. हसूही तसंच होतं. पण डोळे मिटत चालले होते, झोप येणाऱ्या लेकरासारखे.

सोजराबाईंनी नातीला छातीशी आवळलं, रिकाम्या जागेकडे तोंड केलं आणि ओरडल्या, "वैजनाथ! ऊठ बाप्पा! झाली तुही भैरवी, ऊठ!"

शैलजानं तिहाई घेतली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

समेवर आली... आणि तोंड मिटलं.

काही फुटलं नाही. काही हललं नाही. वारासुद्धा आला नाही.

फक्त बकुळाचा हात हवेत थांबला. तिनं डोळे उघडले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आजीच्या हातातून घसरून रांगत गेली, आणि व्हायोलिनच्या लाकडाला कान लावून बसली.

खूप वेळ बसली.

मग ती रडली. ते रडणं शैलजा अजून विसरलेली नाही.

त्यानंतर बकुळा जेवायला लागली. अंगानं भरली. ओढ्याकडे कधी गेली नाही. मान मात्र पुन्हा कशालाच वळली नाही. सोजराबाई पुढं तीन वर्षं जगल्या. त्या दुपारबद्दल सुनेला चकार शब्द बोलल्या नाहीत, चांगला नाही आणि वाईटही नाही.

इथं संपलं असतं तर मी लिहिलंही नसतं.

बकुळा आता नऊ वर्षांची आहे. मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत राहते. लिहायला शिकली आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी आली, तेव्हा तिनं आईसमोर पाटी धरली.

"तू एकदाच गायलीस."

शैलजानं ते पुन्हा वाचलं. ही गोष्ट तिला कोण सांगणार? सांगितली तरी ऐकणार कशी? आणि पंधरा महिन्यांच्या पोराला आठवतं तरी काय?

तिनं पेन्सिल घेऊन लिहिलं, "कोणी सांगितलं?"

बकुळानं मान हलवली. पाटी पुसली. लिहिलं...

"मला ऐकू आलं. ते वाजवत होते. तू गात होतीस."

पुन्हा पुसली. आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं,

"का थांबलीस?"

त्याला आता वर्ष होईल. शैलजानं अजून उत्तर लिहिलेलं नाही. सुट्टीत लेक घरी असली की रविवारी दुपारी ती तोंडाला पदर घट्ट दाबून धरते, कामाच्या नादात चुकून एखादा सूर निघू नये म्हणून.

आणि बकुळा समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहते... वाट बघितल्यासारखी.