डाव्या पायडलची टक्

केतकी सायकलवर बसून पायडल मारायला लागली की 'टक्' असा आवाज यायचा. ती उतरली, सायकल स्टँडवर लावली आणि हाताने पायडल फिरवून पाहिलं. आवाज नाही. पुन्हा बसली, पुन्हा टक्. म्हणजे सायकल एकटी असली की गप्प, आणि वर माणूस बसलं की तिला कंठ फुटायचा. असं का?

ही सायकल वत्सलाआजीची, म्हणजे केतकीच्या आईच्या आईची. आजी आरोग्यसेविका होती. मागच्या कॅरिअरला लसींचा डबा बांधून ती कराडहून नदीपलीकडच्या गावांना जायची. आता आजी नव्हती, सायकल होती. दर दिवाळीत केतकी त्या सीटवर बसून बघायची आणि दर दिवाळीत तिचे पाय पायडलच्या वरच लोंबकळायचे. या दिवाळीत ते पोचले. आणि पोचल्या पोचल्या ही टक् सुरू झाली.

ज्या काळातली ही गोष्ट आहे, त्या काळात कुणी काही दुरुस्त करत नसे. वस्तू बिघडली की संध्याकाळी वितळगाडी यायची, ती घेऊन जायची, आणि तिच्या धातूची दुसरीच नवी वस्तू तयार व्हायची. काय न्यायचं हे सोसायटीचा यंत्रमानव ठरवायचा. त्याच्या कपाळावर गोल हिरवा दिवा होता, म्हणून मुलांनी त्याचं नाव टिकल्या ठेवलं होतं.

टक् ऐकून टिकल्या आलाच. त्याने कान लावला, क्षणभर विचार केला आणि सांगितलं की आवाज मधल्या भागातून येतोय, आतले छर्रे (आस सहज फिरावी म्हणून भोवती बसवलेल्या पोलादी गोळ्या) झिजले असावेत, आणि असे सुटे भाग आता बनत नाहीत. मग त्याने हँडलवर लाल चिठ्ठी चिकटवली. गाडी पाच वाजता.

केतकी पळत नानांकडे गेली. नाना म्हणजे तिचे आजोबा. चंद्रावर फिरणाऱ्या गाड्यांची चाकं किती झिजतील, याचा अभ्यास त्यांनी जन्मभर प्रयोगशाळेत केला होता. ते चपला घालून खाली आले, लाल चिठ्ठीकडे पाहिलं आणि टिकल्याला म्हणाले, "अरे, पेशंटची नाडी न बघताच तू त्याला पोचवायला निघालास."

"मला आवाज ऐकू आला, नानासाहेब."

"आवाज ऐकलास. तो कधी येतो, हे विचारलंस का?"

मग त्यांनी दोघांना कामाला लावलं. केतकीने सोसायटीच्या उतारावर सायकल सोडायची, पायडल न मारता. टिकल्याने शेजारून पळत ऐकायचं. आवाज आला नाही. मग सपाटीवर पायडल मारायचं. आवाज आला, पायडलच्या दर फेऱ्याला एकदाच.

नानांनी समजावलं, की पायडल एकदा फिरतं तेवढ्यात मागचं चाक दोनदा फिरून वर थोडं पुढे जातं. दोष चाकात असता तर टक् जास्त वेळा आली असती, आणि उतारावरही आली असती. म्हणजे चाक निर्दोष. संशय उरला पायडलवर, क्रँकवर (पायडल ज्याच्या टोकाला असतं तो दांडा) आणि आसेवर (दोन्ही क्रँक जिला जोडलेल्या असतात ती आडवी सळी).

त्यांनी दोन्ही क्रँक धरून आडव्या हलवायला सांगितल्या. छर्रे झिजले असते तर आस आत डुगडुगली असती. ती जागची हलली नाही. टिकल्याने लगेच आपला अंदाज मागे घेतला. चुकल्याची त्याला लाज वाटत नसे. ही त्याची फार चांगली सवय होती. पायडलही सुरळीत फिरत होती.

"आता तू उजवी क्रँक घट्ट धर," नाना त्याला म्हणाले, "आणि केतू, तू डाव्या पायडलवर उभी राहा."

टिकल्याने धरलेली उजवी बाजू दगडासारखी स्थिर होती, मधली आसही हलली नाही. तरी केतकीच्या पायाखाली डावी क्रँक जराशी खाली गेली. टक्.

"सापडलं," नाना म्हणाले. क्रँक आसेवर पक्की बसावी म्हणून तिथे कॉटर पिन ठोकलेली असते. ही एका बाजूने उतरती, सपाट तासलेली लोखंडी खिळी. सुतार पाचर मारतो तशी ती क्रँक आणि आस यांच्यामध्ये अडकून बसते. ती झिजली की बारीक फट पडते. पाय जोरात दाबला की क्रँक त्या फटीएवढी सरकून पिनवर आपटते. हाताने फिरवताना जोरच नसतो, म्हणून आवाजही नसतो.

पण लोखंड झिजेलच कसं, असं केतकीने विचारलं. नानांनी तिच्या दप्तराचा पट्टा आठवायला सांगितला. रुंद पट्टा खांद्याला टोचत नाही, तेवढंच ओझं सुतळीने अडकवलं तर रुततं. नवी पिन आसेला सगळ्या अंगाने टेकते, भार वाटला जातो. थोडी झिजली की फक्त कडेला टेकते. सगळा भार त्या कडेवर. मग कड आणखी लवकर झिजते, फट वाढते, आपटणं वाढतं. झीज अशी स्वतःलाच वाढवत नेते.

नानांनी पिनेच्या टोकाचा नट सैल केला, पण पूर्ण काढला नाही, म्हणजे हातोडीने पिनेचे आटे बिघडत नाहीत. क्रँकखाली लाकडी ठोकळ्याचा आधार दिला, नेमका एक ठोका मारला, मग नट काढला, आणि पिन नानांच्या तळहातावर आली. तिच्या सपाट अंगावर मधोमध चकचकीत खाच होती. नाना ती बराच वेळ अंगठ्याने चाचपत राहिले.

"डावीच झिजायची," ते म्हणाले. "तुझी आजी डावा पाय पायडलवर टाकून थोडं उभ्यानेच जायची, मग बसायची. डबा, पिशवी, स्वतः, सगळा भार या एवढ्याशा पिनेवर. शेवटी शेवटी मी स्वयंपाकघरात ही टक् ऐकली की चहाचं आधण ठेवायचो."

केतकीला एकदम वाटलं, आपण काहीतरी मोडतोय. "नाना, मग राहू दे का आवाज?"

"तिची आठवण यायला मला मोडकी सायकल लागत नाही, बाळा. आणि सुटलेल्या क्रँकवरून तू पडलेली तिला मुळीच चाललं नसतं."

टिकल्याने पिन बारकाईने न्याहाळली आणि आपल्या पोटातल्या छपाई यंत्रातून (वितळलेल्या धातूचे थर रचून वस्तू घडवणारं यंत्र) पोलादाची नवी पिन काढली. ती ठोकून बसवली. केतकी पायडलवर उभी राहिली.

टक्.

शेजारच्या गल्लीत वितळगाडीचा भोंगा वाजला. टिकल्याचा हिरवा दिवा लुकलुकला. तो म्हणाला, की त्याने केसाइतकाही फरक केलेला नाही, पिन अगदी तशीच्या तशी आहे.

केतकी थबकली. तशीच्या तशी. तिने नवी पिन काढायला लावली आणि बोट फिरवलं. खाच होती. टिकल्याने झीजसुद्धा इमानेइतबारे छापली होती.

केतकीने पळत घरात जाऊन दप्तरातली पट्टी आणली आणि जुन्या पिनेच्या सपाट अंगावर उभी धरली. दोन्ही टोकांना पट्टी नीट टेकली. मधे मात्र तिच्याखालून उजेडाची बारीक रेघ दिसत होती.

"टोकं आसेच्या बाहेर राहतात ना? तिथे काही घासलंच नसणार," ती हळूच म्हणाली. "म्हणजे टोकं अजून नवीच आहेत. टिकल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ धर. मधला खड्डा भरून काढ. आजीने सायकल घेतली तेव्हा पिन तेवढी असणार."

नानांनी फक्त मान हलवली, पण त्यांचे डोळे चमकले.

दुसरी पिन बाहेर आली तेव्हा गाडी फाटकात शिरत होती. नानांनी ती उजव्या पिनेच्या उलट दिशेने घातली, कारण दोन्ही एकाच दिशेने घातल्या तर पायडल एका रेषेत राहत नाहीत. आधी ठोकली, मग नट आवळला. पाचर ठोक्यानेच बसते. नट तिला फक्त धरून ठेवतो.

केतकी बसली आणि गाडीला वळसा घालून निघाली. टिकल्या कान टवकारून मागे पळत होता. चेनची बारीक सळसळ तेवढी ऐकू येत होती. फाटकाशी त्याने तिला थांबवलं, लाल चिठ्ठी सोलून काढली आणि जायला सांगितलं.

ती नदीच्या रस्त्याला लागली. नाना तिच्या पाठमोऱ्या वेण्यांकडे बघत उभे राहिले. कसलाच आवाज आला नाही, आणि तरी त्यांना आधण ठेवावंसं वाटलं.

वितळगाडी निघणार, तेवढ्यात टिकल्याने हात आडवा घातला. तो गाडीत चढला आणि लाल चिठ्ठी लावलेलं एक जुनं शिलाई मशीन अलगद खाली उतरवलं. ते समोरच्या इमारतीतल्या फडतरे काकूंचं होतं, आणि त्याला निरोप द्यायला काकू तिथेच उभ्या होत्या.

"काकू," टिकल्याने विचारलं, "हे नवं होतं तेव्हा कसं चालायचं?"

काकूंनी हातातली पिशवी खाली ठेवली, पदराने चष्मा पुसला आणि सांगायला सुरुवात केली.