टोळी ४१, कोयता ९

आमच्या कंपनीचा सर्व्हिस रिपोर्ट पिवळ्या कागदावर असतो. त्यात चार रकाने: तक्रार, तपासणी, कारण, उपाय. प्रत्येकाला तीन ओळी. या कामाचा रिपोर्ट मी तीनदा लिहिला आणि तिन्ही वेळा एक रकाना मोकळा राहिला. म्हणून आता साध्या कागदावर लिहितो आहे. इथे ओळींची मर्यादा नाही.

तक्रार

नोव्हेंबर १९९८. बेलापूरच्या बाजूचा एक साखर कारखाना. नाव देत नाही. तिथल्या शेतकी ऑफिसातला कॉम्प्युटर. आदल्या आठवड्यात मीच त्यात दुप्पट वेगाचा नवा प्रोसेसर बसवला होता. जुनं बोर्ड त्याला ओळखेना, म्हणून बायोसही बदलला. बायोस म्हणजे मशीन चालू झाल्यावर सगळ्यांत आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम. फ्लॉपीवरून तो घालायला दोन मिनिटं लागतात आणि त्या दोन मिनिटांत वीज गेली तर बोर्ड मरतं. वीज गेली नाही. सगळं नीट चाललं. मी नगरला परतलो. चौथ्या दिवशी फोन आला की मशीन छापता छापता बंद पडतं.

"या, डॉक्टर," शेतकी क्लार्क काकासाहेब दारातच म्हणाले. "पेशंट चांगला हिंडत-फिरत हुता. तुमी सुई मारली आन् आडवा झाला."

मशीनवर काम करणारी दीपा हसली नाही. "सर, ते कुठेही बंद पडत नाही. एकाच जागी पडतं. टोळी एक्केचाळीस, कोयता नऊ."

कोयता म्हणजे इथे हत्यार नव्हे. ऊस तोडणारे नवरा-बायको मिळून एक कोयता. अशा बारा कोयत्यांची ती टोळी होती. मशीन प्रत्येक कोयत्याची चिठ्ठी छापतं, तिच्यावर दोन नावं. चिठ्ठी दाखवली की खोपीसाठी बांबू आणि चटया मिळतात, उसाच्या फडात जागा मिळते. चिठ्ठी नाही तर काम नाही.

कोयता नऊ बाहेर व्हरांड्यात बसला होता. जामखेडकडची भामाबाई, चाळिशीची. शेजारी तिची धाकटी बहीण पुष्पावती. भामाबाईचा नवरा रंभाजी वैशाखात विहीर खणताना दरड कोसळून गेला. या हंगामात दोघी बहिणी जोडीने तोडणार होत्या. यादीत रंभाजीच्या जागी पुष्पावतीचं नाव घालायचं, एवढंच काम होतं.

"बाया-बायांचा कोयता म्या आजपतुर न्हेला न्हाई," त्यांचा मुकादम बिभीषण म्हणाला. "हापिसातून चिठ्ठी निघाली तर न्हेतो. पाचाला ट्रॅक्टर फडावर जायाचा. तवर न्हाई निघाली, तर जामखेडची एस्टी धरायची. मंग माज्या नावानं बोटं मोडायची न्हाईत."

"निघंल," भामाबाई म्हणाली. माझ्याकडे बघून. "सायब नगरहून आलेत."

तपासणी

खोका उघडला. प्रोसेसरवरचा पंखा फिरत होता. व्होल्टेजची पिन बरोबर जागी होती. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले. मराठी अक्षरांसाठी वेगळं कार्ड असतं, ते दुसऱ्या खाचेत बसवलं. वीज मोजली: पाच व्होल्टच्या जागी पाच पूर्णांक दोन शतांश. उत्तम. अर्थिंग सुकली असेल म्हणून खिडकीखालच्या खड्ड्यात मीठ टाकून दोन बादल्या पाणी ओतलं.

"भुईला पानी पाजून डबा चालतोय व्हय?" बिभीषणने विचारलं.

"चालतो कधी कधी."

बारा वाजता पुन्हा करून पाहिलं. दीपाने रंभाजीचं नाव पुसून पुष्पावतीचं लिहिलं, छापायची कळ दाबली आणि प्रिंटरचं डोकं

दीपाने रंभाजीचं नाव पुसून पुष्पावतीचं लिहिलं, छापायची कळ दाबली आणि प्रिंटरचं डोकं निम्म्या ओळीवर थांबलं. पडदा गोठला. कागदावर 'भामाबाई' छापलं होतं. पुढे काही नाही. मशीन बंद करून चालू केलं. यादी उघडली. रंभाजीचं नाव जागच्या जागी.

याला कारण देता येतं. नोंद पुरती साठवली जाण्याआधी मशीन पडलं, म्हणून जुनी नोंद राहिली. मी तसं दीपाला सांगितलं. तिने मान हलवली. असं नऊ वेळा झालं होतं.

जुना प्रोसेसर परत बसवला. दीपाने रंभाजीचं नाव पुसून पुष्पावतीचं लिहिलं, छापायची कळ दाबली आणि

तेच.

आमच्या धंद्यात पहिला धडा हा असतो की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर दोष कुणाचा ते कळत नाही. डब्यातले बिस्किटांचे तुकडे खाताना माझ्या ध्यानात आलं की त्या आठवड्यात इथे दोन गोष्टी बदलल्या होत्या. मशीन मी बदललं, नवा प्रोसेसर आणि बायोस घालून. नाव यांनी.

मग मशीन सोडून मी नावाच्या मागे लागलो. पुष्पावतीच्या जागी दुसरं नाव घातलं. बंद. जागा मोकळी ठेवली. बंद. नोंद उचलून यादीच्या शेवटी नेली. मशीन बाकीच्या अकरा चिठ्ठ्या छापून शेवटी येऊन बंद पडलं. यादी फ्लॉपीवर घेतली आणि कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात गेलो. तिथलं मशीन जुनं, त्याला मी कधी हात लावलेला नव्हता. तिथे नाव पुसून कळ दाबली. तेही बंद.

तिथला माणूस म्हणाला, "आता आमचाबी बिघडवलात."

परत येईपर्यंत चार वाजून गेले होते. बाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पेंढा, कोंबड्या, माणसं चढत होती. मी काहीही न बदलता, रंभाजीचं नाव होतं तसं ठेवून, कळ दाबली.

बाराच्या बारा चिठ्ठ्या एका दमात छापल्या गेल्या.

"ठरलं तर मग," काकासाहेब म्हणाले. "ऱ्हाऊ द्या नवऱ्याचं नाव. फडावर कोन वाचतंय?"

भामाबाई उंबऱ्यापाशी आली. "त्याचं नाव नगा ठिवू, सायब."

"का?"

"तेवीस वरसं त्याच्या संगं तोडला. पानी प्यायला वाकले तरी हाक मारायचा. आता एकटीला तोडू द्या."

"अगं, कागदावरच तर हाय!" काकासाहेब म्हणाले. "कागद काय ऊस तोडतो का?"

ट्रॉलीतले लोक हसले. पुष्पावतीही हसली. पाच वाजायला दहा मिनिटं होती. मी चिठ्ठी फाडून भामाबाईच्या हातात दिली. तिने ती दोन बोटांत, अंगापासून लांब धरली.

कारण

उपाय

जुनी नोंद कायम ठेवली. नवा प्रोसेसर परत बसवला. मशीन व्यवस्थित.

फेब्रुवारीत वर्षाच्या देखभालीसाठी पुन्हा गेलो. मशीन एकदाही बंद पडलं नव्हतं. काकासाहेबांनी चहा मागवला.

"तुमचा कोयता नऊ सगळ्यांत म्होरं हाय. लई तोडतोय."

"दोघी बहिणी?"

"धाकटी कवाच गेली. संक्रांतीच्या आधी. भर दुपारी, डोईवरची मोळी फडातच टाकून एस्टीला जाऊन बसली. कुणाला काय बोलली न्हाई."

"मग आता कोण?"

"एकटीच."

"आणि तोड?"

काकासाहेबांनी बशीत चहा ओतला. "तेवढीच. उलट वाढली. मी कशाला इचारू?"

भामाबाई त्याच दिवशी आली. देखभालीला मी येणार हे दीपाने तिला निरोप धाडून कळवलं होतं. फडापासून चार मैल ती चालत आली होती. तीन महिन्यांत एवढं वाळलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

"तेवढं पुसा, सायब," ती म्हणाली. "म्या लई सांगून बघितलं. तो म्हनतो, माजं नाव हाय."

काकासाहेब उठून बाहेर गेले.

मला विचारायचं नव्हतं. खुर्चीवर बसलो. यादी उघडली. टोळी एक्केचाळीस. कोयता नऊ.

रंभाजीचं नाव पुसलं. छापायची कळ दाबली आणि

काही झालं नाही. म्हणजे चिठ्ठी छापली गेली. प्रिंटरचं डोकं ओळ पूर्ण करून परत आलं.

मशीन बंद करून चालू केलं. यादी पाहिली. भामाबाईच्या नावापुढची जागा मोकळी होती. फाइल तपासली. दुसरीकडे कुठेही ते नाव नव्हतं.

"झालं," मी म्हणालो.

दीपाने चिठ्ठी फाडून तिला दिली.

"वाच की, बाय."

"भामाबाई," दीपाने वाचलं. "एवढंच आहे. दुसरं नाव नाही."

भामाबाईने चिठ्ठी उलटसुलट पाहिली.

"मला वाचाय येत न्हाई," ती म्हणाली. "त्याला येतं."

मग तिने चिठ्ठी उजवीकडे केली. स्वतःच्या खांद्याहून वीतभर उंच. तिकडे भिंत होती, आणि भिंतीआधी दोन हात रिकामी जागा.

डोक्यावर छताचा पंखा जोरात फिरत होता. टेबलावरचे कागद फडफडत होते. चिठ्ठीचं तिच्याकडचं टोकही फडफडत होतं.

दुसरं टोक ताठ होतं.

ती थांबली. अक्षरं जुळवून वाचणाऱ्या माणसासाठी थांबतात, तेवढा वेळ.

"हाय म्हनतो अजून," ती म्हणाली.