जस्त आणि गवारीची भाजी

‘रुग्णास शारीरिक व्याधी नाही. तक्रारी मानसिक. विवाहानंतर बऱ्या होतील.’

नाशिकच्या एका नामांकित डॉक्टरांचा हा लेखी अभिप्राय, १९९८ सालचा. जिभेला चव नाही, नाकाला वास नाही, केस मुठीने गळताहेत, विळीने कापलेलं बोट महिना उलटूनही भरत नाही. यांपैकी नेमकं काय मंगलाष्टकांनी बरं होतं, हे त्यांनी नमूद केलं नव्हतं. मी तर्कशास्त्र शिकवते. असा निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी शून्य दिलं असतं. नामपूरच्या माझ्या वडिलांनी मात्र पैकीच्या पैकी गुण देऊन एक स्थळ जवळजवळ पक्कं केलं. आणि मी... मलाही डॉक्टरांचं पटू लागलं होतं.

त्याच सुमारास कॉलेजात वनस्पतिशास्त्राला रविराज सर रुजू झाले. घरचा वणीला द्राक्षमळा. स्टाफरूममध्ये माझ्यासमोरची खुर्ची तेवढी रिकामी असे. माझ्या बोलण्याला सगळे भितात, असा माझा समज. ते तिथे बसले, विचारून माझ्या डब्यातली गवार घेतली, क्षणभर थांबले – आणि पुन्हा मागितली. मग रोजच.

स्थळाला होकार कळवायची वेळ आली, तेव्हा माझ्या साऱ्या तक्रारी सांगून डॉक्टरांचा तो कागद मी त्यांच्यापुढे सरकवला. हसतील, असं वाटलं होतं.

“मॅडम, वेलीला झिंक कमी पडलं की आमच्याकडे पानं बारीक राहतात. तिला कोणी लग्न कर म्हणत नाही.”

“मी वेल नाही, सर.”

“नाही ना. वेल इतकं टोचून बोलत नाही... पण रक्त तपासून घ्या.”

दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी रक्त मुंबईला धाडलं. जस्त, म्हणजे सरांचं झिंक, फारच कमी; आतड्याचं जुनं दुखणं ते अंगी लागूच देत नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या. अहवाल वाचून त्या स्थळाला नकार वडिलांनीच कळवला.

बोट भरलं. आणि एके सकाळी, नेहमीच्या अंदाजाने केलेल्या गवारीचा घास मी तोंडात घातला नि मोरीकडे धावले. ही भाजी हा माणूस कित्येक महिने मागून खात होता!

दुपारी मी जाब विचारला. आरोपीचा जबाब कृतज्ञतेने, शब्दशः देते:

“खारट होती, मॅडम. लय खारट. म्हणूनच तो कागद वाचल्यावर माझा विश्वास तुमच्यावर बसला, डॉक्टरांवर नाही. आधीच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं, तर तुम्ही डबा झाकला असता... आणि मला तुमच्यासमोर बसायचं होतं. रोज.”