अर्धा पेपर

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. ज्याच्यावर हे बेतलं तो माझा सख्खा मामा, रेमी. त्याला थापा मारता येत नाहीत.

आयुष्यात एकच मारली होती.

१४ सप्टेंबर. भर दुपार. पिरेनीज पर्वतातली ऑबेर्तची खिंड.

बारा वर्षांपूर्वी याच तारखेला मामा आणि त्याचा जिवलग मित्र ज्योएल सायकलवर ही खिंड चढत होते. दोघांचा नियम ठरलेला. जो आधी माथ्यावर पोचेल त्याने थांबायचं. मग एक पेपर मधोमध फाडायचा आणि अर्धा-अर्धा शर्टाखाली छातीवर घालायचा, म्हणजे उतारावरचा वारा बाधत नाही.

त्या दिवशी पेपर मामाकडे होता.

थंडी मरणाची. मामा थांबला नाही. अख्खा पेपर शर्टात कोंबून तो खालच्या गावात गरम सूप प्यायला निघून गेला.

ज्योएल मागून उतरला. छातीवर काही नाही, बोटं गारठलेली. चौथ्या वळणावर त्याला ब्रेक दाबताच आला नाही. तिथेच तो संपला.

"मी तासभर थांबलो होतो गं," मामाने ज्योएलच्या बायकोला, ओदेतला सांगितलं. "शेवटी वाटलं, मागे फिरला असेल."

तीच ती थाप. बारा वर्षं तिने मामाला आतून खाल्लं.

यंदा मामा एकटाच निघाला. वय अडुसष्ट. माथ्यावर तासभर थांबायचं आणि मग ओदेतला खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरवून.

अर्ध्या चढावर धुकं उतरलं. गाईंच्या घंटा एकाएकी बंद झाल्या...

आणि मागून आवाज आला.

टिक... टिक... टिक...

सायकलवाल्यांना कळेल. पाय थांबवले की मागचं चाक टिकटिकतं. ते उतारावर ठीक. चढावर पाय थांबवले तर माणूस आडवाच होईल.

हा आवाज मात्र चढत होता.

मामाने वळून पाहिलं. रस्ता रिकामा.

"कोण आहे?"



त्याने पुन्हा पॅडल मारलं... टिक... टिक... आवाज शेजारी आला. गालाला गार वारा लागला. मग आवाज पुढे निघून गेला.

"पाय हलव म्हाताऱ्या, सूप गार होतंय!" ज्योएल पुढे जाताना नेहमी असं चिडवायचा. आताही ते ऐकू येणार, असं मामाला वाटलं.

आलं नाही. मामा म्हणतो, तेच जास्त लागलं.

माथ्यावर छोटं हॉटेल आहे. मालकीणबाई याच वर्षी आलेली, जुनं काही तिच्या कानावर नव्हतं.

"रेमी तुम्हीच ना?" ती म्हणाली. "तुमचे मित्र आत्ताच गेले हो. किती ताटकळत ठेवलंत त्यांना!"

"कोण मित्र?"

"नाव नाही सांगितलं. त्या बाकावर बसले होते. कॉफी घ्या म्हटलं, तर नको म्हणाले. बोटं निळी पडली होती बिचाऱ्यांची... हे तुमच्यासाठी ठेवलंय."

अर्धा पेपर. हाताने फाडलेला. ओलसर.

वर तारीख होती. १४ सप्टेंबर. बारा वर्षांपूर्वीची.

तो पेपर मामाने त्याच संध्याकाळी स्वतःच्या हाताने चुलीत जाळला होता.

"आणि निरोप आहे," बाई म्हणाली. "'रेमीला सांगा, मी तासभर थांबलो होतो.'"

 सगळा घाट मामा सायकल हातात धरून चालत उतरला. तडक ओदेतच्या दारात गेला आणि सगळं सांगितलं.

"आत्ता सांगतोयस?" ती एवढंच म्हणाली. दार लावून घेतलं.

"त्याने नियम पाळला," मामा मला परवा म्हणाला. "मला माफ केलं म्हणायचं, की थोबाडीत मारली?"



दर रविवारी मामा आमच्याकडे जेवायला असतो. सूप वाढलं की तो चमचा खाली ठेवतो, दाराकडे कान देतो...

आणि सूप गार होईपर्यंत थांबतो.