गेटबाहेरचे बाबा

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी कॉलेजच्या जिन्याखाली लपले होते. टीवायचा पहिला पेपर, आणि गेटबाहेर बाबा — ऑफिसला रजा टाकून, पेपर सुटेपर्यंत तिथेच उभे राहणार होते. आचोळ्याच्या आमच्या घरात टीव्ही बंद, आईचा उपास, शेजारीसुद्धा हळू बोलायचे. एवढं प्रेम, की माझ्या छातीत धडधड व्हायची.

"ही माझी जागा आहे," तो म्हणाला. "घाबरायला मी तीन वर्षं इथेच येतोय."

"तुला कसली भीती?"

"मम्मीने आज माझ्यासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे खास प्रार्थना, ठेवलीय. नापास झालो तर... फादरना काय तोंड दाखवू?"

कितीतरी दिवसांनी मला हसू फुटलं. त्याचं नाव ॲल्रॉय. मग प्रत्येक पेपरला जिन्याखाली भेटणं आपोआपच ठरलं. तो त्यांच्या वाडीतली केळी आणायचा.

"खा, ऋतिका. रिकाम्या पोटी जास्त भीती वाटते."

"आणि भरल्या पोटी?"

"भरल्या पोटी... तू जास्त छान दिसतेस."

मी नुसती केळं सोलत राहिले. वर बघायची हिंमतच होईना.

शेवटच्या पेपरला मात्र घास उतरेना. आदला पेपर मी अर्धवट सोडून आले होते. बाबा आठवले की वाचलेलं सगळं पुसून जायचं.

"मी नाही बसत पेपरला," मी म्हणाले.

"त्यापेक्षा बाबांना सांग ना, घरी जा म्हणून."

"त्यांना वाईट वाटेल रे."

"वाटू दे थोडंसं. चल, मी येतो बरोबर."

बाबा उन्हात उभे होते, माझी पाण्याची बाटली धरून.

"बाबा, तुम्ही घरी जा ना. तुम्ही इथे असलात की मला फार भीती वाटते."

त्यांचा चेहरा उतरला. ते बाटलीचं झाकण उगाच उघडत-लावत राहिले. "मग पेपर सुटल्यावर... एकटीच येशील?"

"एकटी नाही. हा ॲल्रॉय आहे. मला तो — आवडतो."

हे मी अजून त्यालाही सांगितलं नव्हतं. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बराच वेळ. मग बाटली त्याच्या हातात दिली.

"तिला पाणी प्यायची आठवण राहत नाही," एवढंच म्हणाले आणि रिक्षा स्टँडकडे चालू लागले.

ॲल्रॉयने झाकण उघडलं... आणि आधी स्वतःच घटाघट प्यायला.