पात्यावरचं कुंकू

खंडेनवमीला कारखान्यातली यंत्रं बंद असतात आणि घरची माणसं ती बघायला येतात. एक्याऐंशी साली, चिंचवडच्या एका कारखान्यात फोरमन यशवंतरावांची नीला तबक घेऊन एकेका यंत्राला हळदकुंकू लावत निघाली होती. लेथमागच्या टेबलावर एक लहानसं हेलिकॉप्टर दिसलं. तेही यंत्रच… तिनं त्याच्या एका लाकडी पात्यावर ओल्या कुंकवाचं बोट ओढलं.

"एकालाच लावलंत?" मागून आवाज आला. ते हेलिकॉप्टर बनवणारा, टूलरूममधला ज्ञानदेव.

"का, दुसरं रुसेल?"

"रुसेल ना. मग सगळंच थरथरेल."

दोन्ही पाती अगदी सारख्या वजनाची लागतात, असं त्यानं सांगितलं. नीला ओशाळली, पुसायला पदर पुढं केला.

"राहू द्या," तो म्हणाला. "बघतो मी."

दर रविवारी तो पिंपळे गुरवच्या माळावर हेलिकॉप्टर उडवायचा. नीलाची मावशी तिथंच राहायची, त्यामुळे तिला तिथं जायला कारण शोधावं लागलं नाही. तो सावकाश समजावून सांगायचा. इंजिन वरचा पंखा एका बाजूला फिरवतं, म्हणून खालचं धड उलट्या बाजूला गरगरू पाहतं. शेपटीचा छोटा पंखा त्याला धरून ठेवतो. पात्यांचा तिरपेपणा वाढवला की ते वर चढतं. पंखा पुढं कलला की पुढं जातं. हातातल्या डब्यावरच्या दांड्या हलवल्या की ती खूण रेडिओनं तिथवर पोचते.

सगळ्यात अवघड काय, असं तिनं एकदा विचारलं.

"एका जागी थांबणं. लांबून वाटतं, स्वस्थ उभं आहे… पण माझी बोटं सारखी सावरत असतात."

नीलाला ते फार ओळखीचं वाटलं.

तुळशीची लग्नं झाली. एका रविवारी हेलिकॉप्टर हवेत थबकलेलं असताना ती हळूच म्हणाली, "पुढच्या रविवारी चऱ्होलीची मंडळी मला बघायला येणार आहेत."

हेलिकॉप्टर एकदम कललं. त्यानं ते सावरलं.

"आत्ता बोलता येणार नाही… हात गुंतलेत."

"मग आधी खाली उतरवा."

पंखा थांबल्यावर ती वाकली. तिचं कुंकवाचं बोट तसंच होतं, वरून वॉर्निश मारलेलं. आणि दुसऱ्या पात्यावर, वजन जुळवायला, चिकटपट्टीचा एक तुकडा.

"पुसणं सोपं नव्हतं?"

"होतं," तो खाली बघत म्हणाला. "पण… पुसायचं नव्हतं."

गवतावरून वारा गेला. मग नीला म्हणाली, "शनिवारी घरी या. ती पट्टी काढा, आणि ते पातं बाबांना दाखवा."

शनिवारी यशवंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. पट्टी काढलेलं ते कोरं पातं हातावर तोलत त्यांनी विचारलं, "जोडीच्या वजनाचं आहे का?"

"अजून नाही," ज्ञानदेव म्हणाला.

यशवंतरावांनी पातं अलगद टेबलावर ठेवलं. मग त्यांनी आत हाक मारली, "नीला, कुंकवाचा करंडा आण."