खोकणारा नर

सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी, उजाडता उजाडता, व्हर्ना नदीकाठच्या रानात शिरली. काम नेहमीचंच होतं, एल्क म्हणजे ती मोठाली रानहरणं मोजायची. तिच्या नवऱ्याने, हॅल्व्हरने, सलग तीस वर्षं, दर सप्टेंबरात, ते मोजून एकाच वहीत लिहिले होते. एकतिसाव्या वर्षीचा सप्टेंबर यायच्या आधीच तो गेला. यंदा महिनाभर कळप कुणाला दिसला नव्हता. आजही दिसला नाही, तर वहीचं ते पान कोरं राहणार होतं.

वारा तोंडावर घेऊन ती एका जाडजूड स्प्रूसच्या झाडाआड उभी राहिली. माजावर आलेला नर अंगावर धावून येतो, म्हणून त्याला साद घालताना मधे झाड हवंच, हे हॅल्व्हर जेवतानासुद्धा बजावायचा. एल्कसारखी साद फुंकायची त्याची नळी म्हणजे घरच्या व्हॅक्यूम क्लीनरची कापलेली नळी. त्यानंतर घरातला गालिचा कधी धड साफ झाला नाही. शिवाय प्रत्येक सादेच्या शेवटी त्याला दोनदा खोकला यायचा. मार्चमध्ये तिने ती नळी त्याच्याबरोबरच पुरली. "घे, आता तिकडे खोक," म्हणाली होती.

आज हातात दुकानातली नवी नळी होती. तिने फुंकली. बारीक, चढत गेलेली शीळ धुक्यात विरली. शेवाळातून पाणी ठिबकत राहिलं.

मग नदीच्या अंगाने उत्तर आलं.

तिने पुन्हा साद घातली. पुन्हा उत्तर, जरा जवळून. या झाडाआडून त्या झाडाआड, अर्धा तास हेच चाललं. जवळच काटकी मोडली. नराच्या मुताचा उग्र वास आला. तिने श्वास रोखून नेच्यांची पानं हळूच बाजूला केली...

पलीकडे शेजारचा ऑर्डेल गुडघ्यांवर बसला होता. तोंडात नळी, टोपीत फांद्या खोचलेल्या.

"अगं, तू?"

"म्हणजे अर्धा तास मी तुला लढाईला बोलावत होते?"

"मी तर पळायच्या बेतात होतो. चांगला आडदांड नर वाटलीस."

"या वयात एवढं कौतुक पुरे. आणि हा वास कसला?"

"बाटलीत मिळतो. एल्क येतात म्हणे."

"आज बायको घरात घेणार नाही तुला."

"तिनेच बाहेर काढलंय." तो नजर चुकवत म्हणाला, "कळप तुझ्या बाजूला वळवावा म्हटलं... वहीसाठी."

व्हर्नाने त्याच्या टोपीतली एक फांदी नीट खोचली.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून तिसरी साद आली. पोकळ, फाटकी. आणि शेवटी दोनदा खोकला.

दोघांच्याही नळ्या खाली होत्या.

"व्हर्ना..." ऑर्डेल कुजबुजला.

"हळू. मोजू दे."

धुक्यातून कळप बाहेर आला. माद्या, पाडसं, मागे मोठा नर. सगळ्यांचे कान पलीकडे. सत्तावीस. तिने हॅल्व्हरच्या वहीत लिहिलं.

कळप पाण्यात उतरला, पार झाला. वर वाळूवर चढताना मात्र सगळे एल्क दोन बाजूंनी गेले. मधे एका माणसापुरती जागा सोडून.

"आणि मधे झाड हवं," व्हर्ना पुटपुटली, "हे मलाच सांगायचा. स्वतः मात्र उघड्यावर उभा."